एका बोटाएवढं तोंड

(जकार्ताच्या दक्षिणेकडची एक जुनी वस्ती, मुर्सिदच्या घराचा ओटा. बुधवार, दुपार. शनिवारी मुर्सिदच्या लेकीचा, मुनाचा, फहमीशी निकाह आहे. बापलेक दातांच्या डॉक्टरीणबाईंकडून आत्ताच परतलेत आणि मुर्सिदची बायको रोगाया त्यांना ओट्यावरच अडवून उभी आहे. मुना आईला न्याक म्हणते, बापाला बाबे.)

रोगाया : ते सगळं राहू दे. उघडलं किती, तेवढं सांग.

मुना : एक बोट. बाईंनी पट्टी लावून मोजलं. धडधाकट माणसाची तीन बोटं उभी आत जातात म्हणे. बाबेंचं एकच जातंय, तेही करंगळी.

मुर्सिद : करंगळी नाही. तर्जनी.

रोगाया : तुम्ही बोलू नका. दात मिटून बोलता तेव्हा भिंतीपलीकडे कुणीतरी भांडतंय असं वाटतं मला.

मुना : बाईंनी विचारलं, हे झालं कसं. न्याक, तुला यांनी काय सांगितलं होतं?

रोगाया : जांभई. सोमवारी मोठी जांभई दिली, कानापाशी कट्‌ वाजलं आणि जबडा बसला. मी अख्ख्या गल्लीला तेच सांगत फिरतेय.

मुना : बाबे, तुम्ही सांगता का मी सांगू?

मुर्सिद : जांभईच होती.

मुना : जांभईत मगर होती.

रोगाया : कसली मगर?

मुना : पावाची. रिवाजाची, शनिवारी फहमीच्या घरून येणार आहे ना, ती. यांच्या कानावर कुणीतरी घातलं की मुलाकडचे मऊ मगर आणणार, पोटात चॉकलेट भरलेली. झालं, हे तडक बेकरीत. आमच्या वेळची मगर कशी कडक असायची, कपाटावर ठेवली की नवराबायको म्हातारी होईपर्यंत हलायची नाही, मऊ मगरीचा संसारही मऊ. अर्धा तास चाललं होतं. शेवटी बेकरीवाला वैतागला. त्याने जुन्या पद्धतीचं एक छोटं पिल्लू भाजून यांच्या हातात ठेवलं. अगदी वीट.

रोगाया : मग?

मुना : मग यांनी चार गिऱ्हाइकांदेखत ते चावून दाखवलं.

रोगाया : अहो, ती खायची नसते. मांडून ठेवायची असते. शेंबड्या पोराला विचारा, तेही सांगेल.

मुर्सिद : खात नव्हतो. तुटत नाही, हे सिद्ध करत होतो.

रोगाया : झालं सिद्ध?

मुर्सिद : झालं. मगरीला ओरखडासुद्धा नाही.

मुना : न्याक, हसू नकोस ना. तू हसलीस की मलाही आवरत नाही. दवाखान्यात मी ओढणी तोंडात कोंबून बसले होते.

मुर्सिद : हसा. दुखतंय मला, तुम्ही हसा.

रोगाया : दुखतंय ते दिसतंय हो. कालपासून पेजसुद्धा नळीने ओढताय. परसात बायका दोदोलची मिठाई ढवळतायत, नारळाचा वास सगळ्या गल्लीत, आणि मुलीच्या बापाला बोटभर चाटायलाही मिळत नाही. मला काय बरं वाटतं का ते? पण मगर हो. मगर चावली तुम्ही.

मुना : बरं, आता कामाचं. बाईंनी तीन वाटा सांगितल्यात. जबड्याच्या सांध्यात एक छोटी गादी असते, ती पुढे सरकून अडकलीय. पहिली वाट म्हणजे दातांवर बसवायची पट्टी, स्नायू सैल पडायच्या गोळ्या, गरम शेक, मऊ खाणं, आणि दिवसातून सहा वेळा हळूहळू तोंड उघडायचा व्यायाम.

रोगाया : किती दिवस?

मुना : तीन-चार आठवडे.

रोगाया : शनिवार तीन दिवसांवर आलाय, आणि पोरगी आठवडे सांगते.

मुना : दुसरी, मोठ्या इस्पितळात जाऊन सांध्यात सुई घालायची आणि आतून पाण्याने धुवून काढायचं. कधीकधी त्याच दिवशी मोकळं होतं. उद्याची वेळ मिळते म्हणाल्या.

मुर्सिद : सुई कुठे घालणार?

मुना : कानापुढे.

मुर्सिद : किती लांब?

मुना : तुम्ही बेशुद्धच पडाल, तुम्हाला काय करायचंय लांबीशी. पण तेही खात्रीचं नाही. दोन-तीन दिवस गाल सुजू शकतो. निकाहाच्या फोटोत एक बाजू तुमची आणि एक बाजू फणसाची.

रोगाया : आणि तिसरी?

मुना : तिसरी म्हणजे काहीच ओढाताण करायची नाही. गोळ्या, शेक, आणि शनिवार आहे त्याच तोंडाने पार पाडायचा.

रोगाया : मग माझी चौथी ऐका. वाक सानिप चार वाजता येतोय.

मुर्सिद : कशाला?

रोगाया : कशाला म्हणजे? माझा गुडघा कुणी बसवला? तेलाचा हात फिरवला, एक हिसका दिला, मी संध्याकाळी बाजारात.

मुना : न्याक, तोच वाक सानिप शेजारच्या बोकडाचा पाय बसवायला आला होता. पुढचं तुला ठाऊक आहे.

रोगाया : बोकडाचं नशीब वेगळं.

मुना : बोकडाचं कालवण झालं, त्याच रात्री. आपणही खाल्लं. बाईंनी हात जोडून सांगितलंय, कुणालाही जबड्याला हिसका देऊ देऊ नका. आत्ता एक बोट उघडतंय, तेही जाईल.

मुर्सिद : त्याला फोन कर. म्हणावं, येऊ नको.

रोगाया : काय सांगू? त्याने केळी पण आणलीत म्हणाला.

मुना : केळी ठेवून घे. केळी मऊ असतात.

रोगाया : बरं बाई. मग सरळ मार्ग घ्या ना. बापाने म्हणायचं निकाहाचं वाक्य काजीसाहेबांना बोलायला सांगा. बापाने परवानगी द्यायची, बाकी ते बघतात. निम्मे बाप हल्ली तेच करतात.

मुर्सिद : नाही.

रोगाया : का नाही?

मुर्सिद : नाही म्हणजे नाही.

मुना : न्याक, यांनी गेल्या वर्षी हाजी मुहितरकाकांचं काय केलं होतं, विसरलीस? त्यांनी लेकीच्या निकाहात काजींना बोलायला सांगितलं, तर बाबे सहा महिने त्यांना मुका सासरा म्हणत होते. चहाच्या टपरीवर, मशिदीच्या पायऱ्यांवर, जिथे दिसतील तिथे.

रोगाया : आणि ते मुहितर शनिवारी पहिल्या रांगेत बसणार. मुद्दाम बसणार.

मुना : वर हे आपल्या गल्लीचे दारवाले. तीस वर्षं नवरदेवाची वरात दारात अडवून चारोळ्यांत भांडलेला माणूस. म्हणा की बाबे, मुलाकडच्यांना अडवताना म्हणता ती. नाही जमत? मी म्हणते, तुमच्यासारखी दात मिटून.

पेरूच्या फांदीवर बसला रावा,
नदीत बुडाली होडी,
आत यायचं तर नवरदेवा,
आधी दाखव बोलीची गोडी.

रोगाया : हुबेहूब. डोळे मिटले तर हेच.

मुर्सिद : "बोलीची"वर जोर द्यायचा असतो.

मुना : बघ, जबडा गेला तरी मास्तरकी गेली नाही. ते असो, शनिवारी दारात बाबे नसतातच, मुलीचा बाप आत बसतो. दारात यांच्या जागी नासिमदादा उभा राहील. म्हणजे प्रश्न फक्त एका वाक्याचा आहे.

रोगाया : एका वाक्यासाठी कानात सुई कशाला घ्यायची? द्या काजींना. मुहितर हसेल, हसू दे. तुम्ही हसलात तेव्हा तो मेला का?

मुर्सिद : मुहितरसाठी नाही गं.

रोगाया : मग कुणासाठी?

मुर्सिद : राहू दे.

मुना : न्याक, बाईंनी अजून एक सांगितलं. मगर नुसतं निमित्त झालं. बाबेंच्या दाढा झिजल्यात. दोन-तीन महिने हा माणूस झोपेत दात आवळतोय म्हणाल्या.

रोगाया : थांब. रात्री करकर वाजतं ते?

मुना : कधीपासून?

रोगाया : ईद झाल्यापासून. मला वाटलं माळ्यावर उंदीर आहेत. मी तीन पिंजरे लावलेत गं. रोज सुकी मासळी बदलते त्यात.

मुना : एकही उंदीर सापडला नाही ना?

रोगाया : मी म्हणत होते, उंदीर फार हुशार दिसतो.

मुर्सिद : हसवू नका. खरंच दुखतं.

मुना : ईद झाल्यावरच तारीख ठरली होती, बाबे.

मुर्सिद : हो.

मुना : आणि फहमीची मकासरला बदली झाल्याचं त्याच आठवड्यात कळलं.

मुर्सिद : कळलं.

रोगाया : अहो, मग बोलायचं होतंत ना. तीस वर्षं दारात उभं राहून दुनियेला बोललात आणि घरात उंदरासारखे दात करकरत बसलात.

मुर्सिद : काय बोलू? मुलगा चांगला आहे. नोकरी चांगली आहे. विमानाने दोन-अडीच तास. यात बोलण्यासारखं काय आहे? मी वाक्य पाठ करायला लागलो तेव्हापासून हे सुरू झालं. रोज न्हाणीघरात म्हणतो.

रोगाया : म्हणून एवढा वेळ. मी समजत होते पोट बिघडलंय.

मुर्सिद : "माझी मुलगी" इथपर्यंत नीट येतं. पुढे हिचं नाव आलं की दात मिटतात. मी मिटत नाही, आपोआप मिटतात. जबडा बरा होता तेव्हाही मिटायचे. आता सुई घातली, तीन काय चार बोटं उघडलं, तरी तिथे येऊन मिटणारच. पण ते वाक्य मला दुसऱ्याला द्यायचं नाही. तिच्या कानात पहिली अजान मी म्हटली होती. ही जन्मली तेव्हा इमामसाहेब आले होते, मी त्यांनाही म्हणू दिली नाही. मग हे कसं देऊ?

रोगाया : मुना, ओढणी घे ती. नाक पूस.

मुना : मी हसतेय.

रोगाया : हो. मीही.

मुना : बाबे, बाईंना मी विचारलं होतं, एवढ्या तोंडाने माणूस बोलू शकतो का. म्हणाल्या, बोलायला एक बोट भरपूर आहे, ओरडायला लागतात तीन. तुम्हाला ओरडायची सवय आहे, एवढंच.

मुर्सिद : हळू म्हटलं तर शेवटच्या रांगेला ऐकू जात नाही.

मुना : शेवटच्या रांगेचा निकाह नाहीये. फहमीला ऐकू आलं, दोन साक्षीदारांना ऐकू आलं की पुरे. काजी माइक तुमच्या ओठांपाशी धरतील. गोळ्या आज सुरू करा, शेक घ्या, पट्टी उद्या मिळेल. सुईचं लग्नानंतर बघू, तोवर सुटलं तर लागणारही नाही. कबूल?

मुर्सिद : आणि नावापाशी दात मिटले तर?

मुना : आत्ताच बघू. बसा असे, मांडी घालून. मी फहमी. द्या उजवा हात.

रोगाया : फहमी एवढा बारीक नाहीये.

मुना : न्याक, तू साक्षीदार. साक्षीदार मध्ये बोलत नसतो. बाबे, अंगठा घट्ट धरा आणि वाक्य संपलं की हात झटका, म्हणजे मी एका दमात उत्तर देईन. घाई नाही. दात मिटले तर मिटू द्या, परत उघडतील तेवढेच उघडा.

मुर्सिद : फहमी बिन सुलैमान. माझी मुलगी.

मुना : मी इथेच आहे.

मुर्सिद : तू फहमी आहेस. मध्ये बोलू नकोस.

मुना : चुकलं. परत.

मुर्सिद : फहमी बिन सुलैमान. माझी मुलगी... माझी मुलगी मुनारोह हिचा निकाह मी तुझ्याशी लावून देतो. मेहेर नमाजाचे कपडे आणि दहा ग्रॅम सोनं. रोख.

मुना : मुर्सिद यांची मुलगी मुनारोह हिच्याशी निकाह त्या मेहेरावर मला कबूल आहे, रोख. बाबे, हात सोडा. झालं. अख्खं वाक्य बाहेर आलं.

मुर्सिद : आलं का?

मुना : नावासकट. न्याक, साक्षीदार 'मान्य' म्हणाले की निकाह लागला; आता तू "मान्य" म्हण, म्हणजे मी पेज वाढते.

रोगाया : शनिवारी म्हणतील ज्यांना म्हणायचं ते. मी आज नाही म्हणणार.