समाधानी लोकांची रांग

नळाला पाणी नाही म्हणून तक्रारीच्या रांगेत उभं राहून नर्सबाईंचे पाय भरून आले होते. पुढच्या मामा-भाच्यांचं बोलणं तेवढं करमणुकीला होतं.

“तक्रारीची वेबसाइट तूच तपासलीस ना रे?”

“मी नाही मामा, आमच्या प्रोग्रॅमनं. माउस कसा हलतो, बटण कसं दाबतात, यावरून तो माणसाच्या भावना ओळखतो.”

“मी तर बटण दाबून दाबून थकलो!”

“त्याला तो उत्साह म्हणतो.”

“शेवटी वैतागून माउस आपटला आणि उठलो.”

“माउस थांबला, की तो समजतो माणूस समाधानी.”

“कप्पाळ माझं! आणि तू इथं कसा?”

“माझीपण तक्रार जाईना.”

“म्हणजे तूही समाधानी?”

“जवळजवळ सगळेच निघाले, मामा. इथले साहेब एवढे खूश झाले, की पुढच्या महिन्यापासून ही खिडकीच बंद करतायत.”

नर्सबाईंनी मागं वळून पाहिलं. रांग जिना उतरून पार रस्त्यावर गेली होती.

“अहो समाधानी,” त्या मामांना म्हणाल्या, “सरका पुढं. खिडकी आहे अजून.”