अमोनियाच्या डोक्यावरचा गोळा

—नाही मास्तर, तिची आई कामावर गेलीय, जे काय असेल ते मलाच सांगा. अंगठेबहाद्दर असले तरी कान शाबूत आहेत. नात आठवडाभर घोकत होती, मी ऐकत होते — नायट्रोजनचं एक घर गोल, तीन लांबट, ती एकमेकांत मिसळतात आणि चार सारखी होतात. संकरण म्हणे. मी जन्मभर कणीक मळतेय, मला कुणी पदवी नाही दिली. तर एक वाटी पिवळी, तीन वाट्या पांढरी अशी मीच मळून दिली, तिनं चार सारखे गोळे तोडले. तिघांना काडीनं एकेक हायड्रोजन जोडला, चौथा वर तसाच मोकळा, कुणाशी न जोडलेला — एकाकी जोडी म्हणे. झाला अमोनिया.

तुम्ही म्हणता, मॉडेलवर तो गोळाच नव्हता, बाकीचे ताटासारखे सपाट. म्हणून वर्गात तिचं हसं केलंत, प्रात्यक्षिक परीक्षेच्या यादीतून नाव काटलंत. तिनं माझं नाव सांगितलं नाही ना? वाटलंच मला.

गोळा मी काढला. ती आंघोळीला गेली होती तेव्हा. का म्हणजे? बरा दिसेना. तिघांनी एकेकाचा हात धरलेला, आणि हा डोक्यावर बसलेला, कुणाशी देणं ना घेणं — म्हटलं, चारचौघांत कशाला दाखवा. काढला, तिघांना ऐसपैस पसरवलं. काल ती मला समजावत होती, रागानं नाही हो — आजी, दिसायला तो रिकामा, पण जास्त जागा तोच खातो, बाकीचे तिघं त्याच्यापासून लांब सरकतात. म्हटलं, हे मला नको शिकवूस, मला तीन मुलगे आहेत. आमचे हे गेल्यापासून दोघं परगावी, आणि तिसरा, हिचा बाप, याच घरात — जेवायला बसतो तोही भिंतीकडे तोंड करून. असो. ते तुमच्या विषयात येत नसेल.

चूक माझी, तर काटायला माझं नाव आहे का तुमच्या यादीत? नाही ना? मग तिचं घाला. पेन काय खिशाला शोभेसाठी लावलंय? इथंच लिहा, माझ्यासमोर. वाचता येत नाही मला, पण तिच्या नावाचा आकार ओळखते मी — थांबा, वरची मात्रा राहिली. हां.

झालं. निघा आता.