मालकाच्या रक्तातलं पॉझिटिव्ह

...अन् वरून मलाच म्हणले, "अनुसया, माझं ताट येगळं काढ!" काहून? तर रक्तात पॉझिटिव्ह निघालं! आता काय बोलावं अशा माणसाला... थांबा, बायांनो, पहिल्यापासून सांगते, न्हाईतर तुमी म्हणसाल ही अनुसयाबाई उगंच नवऱ्याला नावं ठिवून राहिली.

आमचे मालक म्हणजे मसाजी. पन्नाशी पार, गोरेगावात चाळीस मेंढरं अन् पाच-सहा शेळ्या. मेंढरं उचलून उचलून हर्निया झाला, हिंगोलीला ऑपरेशनला नेलं, तर तिथं आधी रगात काढलं. नर्स आली, म्हणती, "मसाजी कोण? काका, तुमचं हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह आलंय." मालक खूश! म्हणले, "म्हाईत हाय की ताई! माझा रक्तगटच बी पॉझिटिव्ह हाय, मागं शिबिरात सांगितलं व्हतं!" तिनं बिचारीनं कपाळाला हात लावला. "अहो काका, तो बी वेगळा, हा बी वेगळा! ही लिव्हरची कावीळ आहे!"

झालं! तोंड असं उतरलं... डॉक्टरीणबाई मागून वरडून राहिल्या, "काका, थांबा! अजून रक्त तपासायचंय, घरच्यांचंही तपासायचंय!" ऐकतंय कोण? माणूस जीपमधी जाऊन बसला पण!

तवापासून सहा महिने, तुमाला सांगते, सहा महिने एका घरात दोन घरं! ताट येगळं, तांब्या येगळा, अंथरूण ओसरीत. शेजारचा तातेराव तंबाखू मागाया आला तर, "लांब ऱ्हा, तातेराव, लांब!" अन् मला म्हणले, "मी गेल्यावर काळी शेळी इकू नको, दुधाची हाय." म्हणलं, कुठं चाललात? सेनगावच्या बाजारला?

हसले मी, पर आतून... नात सुकन्या, दीड वर्षाची, दोन्ही हात वर करून "आबा, आबा" करायची, अन् ह्यो माणूस पाठ फिरवून मेंढरात जाऊन उभा राहायचा. एक दिवस जवळ गेले, तर उपरण्यानं डोळे पुसून राहिलेले. मला म्हणले, "धूळ गेली." भर पावसाळ्यात? धूळ?

तवा मी अन् सून पुजानं ठरवलं, बास झालं. धरून नेलं हिंगोलीला. मी रगात दिलं, पुजानं दिलं, अन् मालकाचं तर इतक्या नळ्यांत घेतलं की म्हणले, "माझ्यात काही ठिवता का न्हाई?"

निकालाच्या दिवशी आमी सगळे डॉक्टरीणबाईंच्या समोर. "काका, पहिली तपासणी, सहा महिन्यांनंतरही पॉझिटिव्ह." आता हे चांगलं का वाईट? "चांगलं नाही. विषाणू मुक्कामाला आहे." मालक भिंतीला टेकले. "दुसरी, ई अँटीजन, निगेटिव्ह." चांगलं का वाईट? "चांगलं!" मालक सरळ झाले. "तिसरी, त्याच ई ची अँटीबॉडी, पॉझिटिव्ह." मालक परत भिंतीला! "अहो काका, हे पॉझिटिव्ह चांगलं!" ...म्हणजे ते पॉझिटिव्ह वाईट, हे पॉझिटिव्ह चांगलं! बाई, मेंढरं अशी हाकलली तर अख्खा कळप हिरीत जाईल!

बाई हसल्या. "काका, विषाणूंची मोजणी अगदी कमी, लिव्हर ठीक. विषाणू आहे, पण सध्या झोपलाय. गोळीची आत्ता गरज नाही. ऑपरेशनही करू."

मालक म्हणले, "मग... नातीला उचललं तर?"

"उचला की! जेवणातून, ताटातून हा होत नाही, रक्तातून होतो. दाढीचं पातं तेवढं कुणाला देऊ नका. नातीला लस दिलेली आहे. सुनेचं सगळं निगेटिव्ह, तिलाही लस देऊ."

पुजाच्या कडेवर सुकन्या व्हती. मालकानं हात पुढं केले, तर पोरगीनं तोंड फिरवलं! सहा महिन्याचा राग! मग हळूच वळली, अन् दोन्ही मुठीनं मिशी अशी धरली की मालकाच्या डोळ्यातून पाणी. धूळ गेली का, मी काय इचारलं न्हाई.

राहिलं माझं. "मावशी, तुमच्यात विषाणू निगेटिव्ह, अँटीबॉडी पॉझिटिव्ह." चांगलं का वाईट? "फार चांगलं! तुम्हाला कधीतरी होऊन गेला, शरीरानं हाकलून लावला." कवा? मला तर पत्ताच न्हाई! आजारी पडायला सवड कवा गावली व्हती मला? अन् मालक रुसून म्हणतेत कसे, "तुला झाला, बरा झाला, अन् मला बोलली पण न्हाई?" घ्या!

निघताना बाईंनी मला बाजूला घेतलं. "मावशी, नीट ऐका. हा विषाणू आता बहुतेक जन्मभर राहणार. ह्याला दारू लागू द्यायची नाही, झाडपाला देऊन उगाच चिडवायचं नाही, अन् दर सहा महिन्यांनी बघायचं, शांत आहे का. जमेल ना?"

म्हणलं, "जमंल की, बाई. तसलाच एक तेहतीस वर्षांपासून सांभाळून राहिले... आता दोन झाले, एवढंच."