घरातलीच खूण

डॉक्टर : बसा ना, उभ्या का?

ताई : बसलं की वाईटच ऐकावं लागतं इथं. तुम्ही बोला. माझा बोन मॅरो भावाशी जुळलाय ना? मग घोडं अडलं कुठे?

डॉक्टर : जुळलाय, पूर्ण जुळलाय. पण त्याचा मॅरो रिकामा का झाला, ते आधी ठरवायचं होतं. दोन-तीन आजारांत तो सूक्ष्मदर्शकाखाली सारखाच दिसतो. म्हणून रक्तातल्या खुणा तपासल्या.

ताई : तुम्ही तर म्हणाला होतात, शरीरच स्वतःवर उलटलंय.

डॉक्टर : तसंच वाटलं होतं. त्यावरची औषधं दिली, गुण आला नाही. का, ते आता कळलं. पेशीतल्या गुणसूत्रांची टोकं वयाबरोबर झिजत जातात. त्याची म्हाताऱ्या माणसापेक्षा जास्त झिजलीत. हा जन्मापासूनचा दोष आहे.

ताई : अहो, अजून लग्न व्हायचंय त्याचं!

डॉक्टर : वडील कशाने गेले तुमचे?

ताई : फुप्फुसं दगडासारखी झाली होती. सुतार होते. भुसा गेला छातीत, म्हणाले सगळे.

डॉक्टर : या दोषात फुप्फुसंही अशीच होतात. आणि घरात केस लवकर पिकतात?

ताई : विशीतच. आत्या म्हणायची, हुशारी उतू जाते डोक्यातून... डॉक्टर, त्या दिवशी माझंही रक्त घेतलंत तुम्ही.

डॉक्टर : हो. टोकं तुमचीही आखूड आहेत. आज तुम्हाला काही त्रास नाही, कदाचित पुढंही होणार नाही. पण तुमचा मॅरो त्याला देता येणार नाही. तो तिथं धड रुजायचा नाही. बाहेरचा दाता शोधतोय आम्ही.

ताई : मिळेल?

डॉक्टर : शोधतोय. तुम्हाला मुलं?

ताई : एक मुलगी. चिमी. दुसरीत आहे.

डॉक्टर : तिचंही रक्त बघावं लागेल.

ताई : ...बसते मी जरा.

(वॉर्डात, भावाच्या खाटेपाशी.)

भाऊ : या दानशूर! कधी काढणार म्हणे तुझा माल?

ताई : माझा नाही चालत रे.

भाऊ : का? जुळला होता ना?

ताई : जरा जास्तच जुळला. जे तुझ्यात आहे, तेच माझ्यात.

भाऊ : ताई! तुलाही?

ताई : मी ठणठणीत आहे. फक्त तुला द्यायच्या कामाची नाही.

भाऊ : असं बोलू नकोस गं.

ताई : बाबांनाही हेच होतं. भुशाचा काही दोष नव्हता.

भाऊ : आणि आपण काय भांडलो त्यांच्याशी! काम बंद करायला लावलं. रंधा, करवती, सगळं उचलून देऊन टाकलं. नुसते दारात बसून असायचे मग.

ताई : त्यांच्या भल्यासाठीच केलं ना.

भाऊ : हं... आणि चिमी?

ताई : तपासायला सांगितलंय. हिंमतच होत नाही माझी.

भाऊ : सकाळच्या पाळीला आण तिला. चष्मेवाल्या सिस्टर असतात तेव्हा. त्यांचा हात हलका आहे.