रिकामा कोट

तुळशीरामच्या धाकट्या मुलीचं लग्न लागलं ते २०२४ साल. लग्नात जडलेला खोकला दाखवायला तो डोंबिवलीच्या दवाखान्यात आला होता. शेजारच्या बाकावर एक आजी आणि तिची नात क्षिप्रा. आजीला न्यूमोनियाची लस टोचून घ्यायची नव्हती, आणि तुळशीरामला ऐकल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"अगं, पण त्यात असतं काय?"

"जंतूच्या अंगावर साखरेचा कोट असतो ना, तो. नुसता कोट. आत जंतू नाही."

"मला साखर वर्ज्य आहे."

"ही चहातली नव्हे गं आजी!"

"तू मानपाड्याच्या लॅबमध्ये हेच करतेस?"

"आम्ही जंतू न वाढवताच तो कोट बनवायला बघतोय. साखरेची एकेक कडी जोडायची. एक जरी उलटी बसली, तरी महिन्याचं काम फुकट."

"आणि रिकाम्या कोटाला अंग भितं होय?"

"भीत नाही, ओळखून ठेवतं."

"तेराव्याला ह्यांचा कोट पुतण्याला दिला. तो घालून आला, तर आपला मोती शेपटी हलवत धावला. कुत्रं फसलं, अंग नाही फसणार?"

"फसू दे ना. एकदा कोटावर भुंकायला शिकलं, की खऱ्या जंतूवरही भुंकेल."

"काही कळत नाही बाई तुझं."

"नाही कळलं तरी चालेल. घेतेस ना?"

"हे गेले तेव्हा होती का गं ही लस?"

"होती."

"मग कोणी सांगितलं का नाही?"

"मी आठवीत होते, आजी."

"...चल. कुठल्या दंडावर टोचतात?"

आजीचे यजमान विनायकराव २०१२ च्या भाद्रपदात न्यूमोनियाने गेले.