स्केट पार्कचा नियम

हसणार नसाल तर सांगतो. मी यवतमाळहून पुण्यात नवा आलो होतो, तेव्हाची गोष्ट. कंपनीत दिवसभर सगळ्यांच्या कानात हेडफोन, आणि धायरीच्या खोलीवर मी एकटा. शुक्रवारी ऑफिसातून निघालो की थेट सोमवारपर्यंत कोणाशी बोलणंच व्हायचं नाही.

अशाच एका रविवारी बागेतल्या नव्या स्केट पार्कपाशी जाऊन उभा राहिलो. पोरं चाकांच्या फळीवर उभी राहून सिमेंटच्या उतारावरून सुसाट खाली जात होती. नीट दिसावं म्हणून मी काठावर गेलो, चप्पल सटकली आणि घसरत थेट तळाशी जाऊन बसलो.

सगळी चाकं एकदम थांबली. हेल्मेटवाली एक मुलगी धावत आली.

"काका, लागलं का?"

तिच्या मागोमाग बाकीचेही आले. एकानं पाणी दिलं, एकानं माझी चप्पल शोधून आणली.

"अरे, तुम्ही खेळा ना," मी म्हणालो.

"नाही काका, इथे कोणी पडलं की तो उठेपर्यंत सगळे थांबतात. नियमच आहे आमचा."

बाकावरून एक आजोबा म्हणाले, "अहो, उठताय ना? की मुक्कामाचा विचार आहे?"

खरं तर मला खरचटलंही नव्हतं. पण मुलीनं पुन्हा विचारलं, "दुखतंय का?"

मी म्हणालो, "हो, थोडं."

मग सगळी माझ्याभोवती बसूनच राहिली. नाव, गाव, नोकरी, सगळं विचारून झालं.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो. या वेळी जरा बरी जागा बघून पडलो.