पाहिला नाही जी, आयकला

व्हिडिओ बनवून शिकवायचं वेड मलाही लागलं होतं, त्याची गंमत ऐका. सातवीचा धडा होता, पानं अन्न कशी तयार करतात. मी ठरवलं की पोरांनी रविवारी घरी व्हिडिओ पाहायचा आणि सोमवारी वर्गात नुसती चर्चा करायची. सोमवारी सकाळी मोबाइलवर बघतो तर व्हिडिओ पाहणारा माणूस एक! चिडूनच वर्गात गेलो आणि धड्यावरचा प्रश्न विचारला, तर उत्तर द्यायला सगळ्यांचे हात वर.

"अरे, व्हिडिओ पाहिला कोणी?"

देवकी म्हणाली, "पाहिला नाही जी, आयकला."

"कुठे?"

"रोवण्यात."

गावात रेंज येते फक्त तलावाच्या पाळीवर. देवकीच्या आईने मोबाइल मोठ्या आवाजात पाळीवर ठेवला होता आणि खालच्या बांधीत धान रोवता रोवता बाया-पोरांनी माझा अख्खा धडा ऐकला होता.

मला राहवेना. शाळा सुटल्यावर तिथेच गेलो. देवकीची आई चिखलातूनच म्हणाली, "गुरुजी, पान म्हणजे झाडाची चूल, असं तुमी सांगतलं. मंग म्या मोबाइल हाती घेऊन दोनदा इचारलं, तं तुमी नुसते हासून राहिले. काऊन जी?"

व्हिडिओ संपला की माझा हसरा चेहरा तसाच थांबतो, हे त्यांना समजावलं. म्हटलं, "आता समोर आहे ना मी! विचारा."

"धानाचे पऱ्हे उपटून बांधीत लावले का चार दिवस पिवळे पडतेत. तवा त्यायची चूल बंद राहते का?"

खरं सांगू? मी पुन्हा नुसता हसलो.